‘आफ्रिकी’ या एका शब्दाची किंमत

केनियातील मसाई आणि लुह्या हे दोन समाज एकाच देशाचे नागरिक. एकाच सरकारी दवाखान्याच्या रांगेत ते उभे राहू शकतात आणि एकाच आरोग्य खात्याच्या नियमांनुसार त्यांना औषधे मिळतात. तरीही एचआयव्हीवरील ‘अबाकाविर’ या औषधाला या दोन समाजांतील रुग्णांची शरीरे सारखाच प्रतिसाद देतील, याची खात्री नाही. ‘एचएलए-बी ५७:०१’ हे विशिष्ट जनुकरूप ज्यांच्याकडे असते, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप अशी तीव्र प्रतिक्रिया येते. औषध थांबवून पुन्हा दिले, तर ती जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय जनुकप्रकल्पांत तपासलेल्या नमुन्यांत या रूपाचे प्रमाण मसाईंमध्ये १३.६ टक्के, लुह्यांमध्ये ३.३ टक्के, तर नायजेरियातील योरुबांमध्ये शून्य आढळले. युरोपीय वंशाच्या लोकांत ते साधारण ५ ते ८ टक्के असते.

हे नमुने लहान होते, त्यामुळे दशांशापर्यंतचे आकडे अंतिम मानण्याचे कारण नाही. मात्र त्यातून दिसणारे चित्र पुरेसे स्पष्ट आहे. वैद्यकीय साहित्यात ‘आफ्रिकी लोकांत हे रूप दुर्मीळ असते’ असे विधान सर्रास आढळते. युगांडा आणि झिम्बाब्वेतील एक हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीत अबाकाविरची अशी प्रतिक्रिया अगदी थोड्यांना आली, म्हणजे तेथे हे विधान खरे ठरते. योरुबांच्या बाबतीतही ते खरे आहे. मसाईंच्या बाबतीत मात्र ते धोकादायकरीत्या चुकीचे ठरू शकते. युरोपात आणि अमेरिकेत हे औषध देण्यापूर्वी जनुकचाचणी करण्याचा प्रघात २००८ नंतर रूढ झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने, आधी तपासणी केल्यास ही प्रतिक्रिया जवळपास पूर्णपणे टाळता येते, हे सिद्ध केले होते. आफ्रिकेत लहान मुलांच्या एचआयव्ही उपचारांत अबाकाविरला महत्त्वाचे स्थान आहे. चाचणी मात्र सहसा होत नाही. ‘आफ्रिकेत धोका कमी’ हे त्यामागचे गृहीतक. खंडाच्या सरासरीवर घेतलेला निर्णय एखाद्या समाजाला किती महाग पडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पेशीच्या दारावरचा तपासणी नाका

हा फरक समजून घ्यायचा तर एचएलए जनुकांचे काम पाहावे लागते. मानवाच्या सहाव्या गुणसूत्रावर ही जनुके दाटीने वसलेली आहेत. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत पृष्ठभागावर मांडून दाखवत असते. राज्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर मालवाहू गाडीने आतल्या मालाचा नमुना उघडून दाखवावा, तसाच हा प्रकार. एचएलए रेणू म्हणजे नमुना ठेवण्याचे तबक आणि ‘टी’ पेशी म्हणजे नाक्यावरचे तपासनीस. तबकात नेहमीचा घरचा माल दिसला की गाडी पुढे जाते. विषाणूचा किंवा परजीवीचा तुकडा दिसला की ती पेशी नष्ट केली जाते.

मात्र सगळी तबके एकाच घडणीची नसतात. एका घडणीच्या तबकात एका प्रकारचे तुकडे नीट बसतात, दुसरे निसटतात. प्रत्येक व्यक्तीकडे आई आणि वडील अशा दोघांकडून आलेली, ए, बी आणि सी या मुख्य गटांतील मिळून जास्तीत जास्त सहा तबके असतात. जगभरात आजवर नोंदलेल्या एचएलए रूपांची संख्या मात्र तीस हजारांहून अधिक आहे. मानवी जनुकसंचात याइतका विविधतेने भरलेला दुसरा प्रदेश नाही.

या विविधतेला कारण आहे. रोगजंतू झपाट्याने बदलतात आणि बहुसंख्य लोकांकडे असलेल्या तबकांना चकवण्याकडे त्यांचा कल असतो. अशा वेळी ज्यांच्याकडे वेगळे, विरळ तबक असते ते तगतात आणि पुढच्या पिढीत ते रूप वाढते. मग जंतू त्यालाही चकवू लागतात आणि पारडे पुन्हा फिरते. हजारो पिढ्या चाललेल्या या झटापटीत कोणतेही एक रूप कायमचे जिंकत नाही. परिणामी समाजात अनेक रूपे एकत्र टिकून राहतात.

ही झटापट आफ्रिकेत सर्वाधिक काळ चालली आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले मानवी अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. उर्वरित जग ज्यांनी वसवले, ते लोक सुमारे ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या तुलनेने लहान गटांचे वंशज. मोठ्या धान्याच्या राशीतून दोन-चार मुठी उचलाव्यात, तशी मूळ विविधतेपैकी थोडीच त्यांच्याबरोबर बाहेर गेली. राशीचा मोठा भाग मागेच राहिला. सारा टिश्कॉफ यांच्या चमूने २००९ मध्ये १२१ आफ्रिकी समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांत पूर्वजांचे १४ वेगवेगळे गट दिसून आले. वर्षावनांपासून वाळवंटापर्यंतचे हवामान, हिवतापापासून निद्रारोगापर्यंतचे आजार आणि शिकारीपासून पशुपालनापर्यंतचे जीवनक्रम यांनी या गटांवर वेगवेगळा दाब टाकला. त्यामुळे आफ्रिकेतील दोन समाजांत जनुकीय अंतर कधी कधी युरोपीय आणि आशियाई समाजांतील अंतरापेक्षा अधिक असते.

गांबियातील शोध आणि त्याचे पुढे काय झाले

या दाबाचे सर्वांत ठळक उदाहरण हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार बळी घेतले आणि त्यांतील ९५ टक्के आफ्रिका विभागात गेले. त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालील मुले होती. हजारो वर्षे मुलांनाच प्रथम गाठणाऱ्या या रोगाने जनुकांवर ठसा उमटवला नसता तरच नवल. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे एकच जनुक वारशाने मिळालेल्या मुलांना हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्येच पूर्व आफ्रिकेतील अभ्यासांतून दाखवले होते.

रोगप्रतिकार जनुकांच्या बाबतीत असाच दावा १९९१ मध्ये पुढे आला. एड्रियन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांबियातील मुलांचा मोठा तुलनात्मक अभ्यास करून ‘एचएलए-बी ५३’ हे रूप असलेल्या मुलांना गंभीर हिवतापाचा धोका कमी असतो, असे मांडले. हे रूप पश्चिम आफ्रिकेत बरेच आढळते, इतरत्र क्वचित. पुढच्याच वर्षी त्याच चमूने यकृतात वाढणाऱ्या परजीवीच्या एका प्रथिनाचा तुकडा या तबकात बसतो, हेही दाखवले. कारण आणि परिणाम यांची साखळी जुळल्यासारखी वाटली. पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण स्थिरावले.

मात्र २०१९ मध्ये ‘मलेरियाजेन’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ११ देशांतील १७ हजार व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पूर्वी नोंदलेले एचएलएचे संबंध त्या नमुन्यांत पुन्हा आढळले नाहीत. तांबड्या रक्तपेशींशी निगडित जनुकांचे संबंध मात्र पक्के ठरले. याचे दोन अर्थ संभवतात. पहिला, १९९१चा निष्कर्ष वाटला तितका मजबूत नव्हता. दुसरा, एचएलएचा परिणाम स्थानिक आहे: कोणत्या भागात परजीवीच्या कोणत्या जाती फिरतात आणि तिथल्या समाजात कोणती तबके आहेत, यांवर तो अवलंबून असल्याने अनेक देशांची बेरीज केली की तो विरून जातो. त्यात आणखी एक अडचण आहे. एचएलएची रूपे थेट न वाचता आसपासच्या खुणांवरून अंदाजाने ठरवली जातात, तेव्हा तो अंदाज ज्या संदर्भनमुन्यांवर बेतलेला असतो त्यांत आफ्रिकी नमुने फार थोडे असतात. तुटपुंज्या नकाशावर अनोळखी प्रदेश शोधण्यासारखेच हे. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे ठरवायला प्रत्येक समाजातील पुरेसे नमुने हवेत.

या कथेचा पुढचा टप्पा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. हेच एड्रियन हिल पुढे ऑक्सफर्डच्या जेनर संस्थेचे संचालक झाले आणि त्यांच्या चमूने ‘आर २१’ ही हिवतापाची लस विकसित केली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. २०२३ मध्ये घानाने तिला प्रथम मान्यता दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये लसीकरण सुरू झाले. ही लस ‘बी ५३’च्या शोधावर आधारलेली नाही. ती प्रामुख्याने प्रतिपिंडांवर भर देते आणि परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला लक्ष्य करते. तिच्या मोठ्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या चार आफ्रिकी देशांतच झाल्या, ही तिची जमेची बाजू. ज्यांच्यासाठी लस, त्यांच्यातच चाचणी, हा साधा न्याय आफ्रिकेच्या वाट्याला नेहमी आलेला नाही.

जुने निष्कर्ष, नवे अपवाद

एचआयव्हीच्या संशोधनात याची प्रचिती आली. या विषाणूसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. तेथे पसरलेला विषाणूचा ‘सी’ उपप्रकार भारतातही प्रबळ आहे. लसीवरील सुरुवातीच्या कामाचा मोठा भाग मात्र युरोप-अमेरिकेतील ‘बी’ उपप्रकारावर झाला. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील रुग्णांच्या अभ्यासातून २००४ मध्ये दिसले, की विषाणूला आवर घालण्यात एचएलएच्या ‘बी’ गटाचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्याच संशोधनातून एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक पुढे आला. ‘बी ५८:०१’ हे रूप असलेल्यांच्या शरीरात विषाणू तुलनेने नियंत्रणात राहतो, तर जवळजवळ तशाच घडणीचे ‘बी ५८:०२’ असलेल्यांत तो जोर धरतो. ढोबळ चाचणी या दोघांना एकाच नावाखाली टाकते. आफ्रिकेत ही दोन्ही रूपे आढळत असल्याने तेथे बारीक वाचन ही चैन नसून गरज आहे.

युगांडातील अनुभव आणखी बोलका आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका निर्माण करणारा ‘प्री-एक्लॅम्पसिया’ हा विकार आफ्रिकेत मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. गर्भाशयात वार रुजताना आईच्या ‘एनके’ पेशींवरील ‘किर’ नावाचे ग्राहक रेणू आणि बाळाला वडिलांकडून मिळालेले एचएलए-सी रूप यांची एकमेकांशी गाठ पडते. काही जोड्या जमतात, काही बिघडतात. बिघडल्या तर वारेला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. युरोपीय स्त्रियांच्या अभ्यासातून कोणती ‘किर’ जनुके संरक्षण देतात, हे आधीच ठरले होते. कंपाला येथील मुलागो रुग्णालय आणि मकेरेरे विद्यापीठाशी संबंधित डॉक्टर ॲनेटी नाकिमुली यांनी केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्यासह युगांडातील स्त्रियांचा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धोक्याची जोडी तीच निघाली. पण संरक्षण देणारी जनुके वेगळीच होती. ती युरोपीय स्त्रियांमध्ये आढळत नसलेल्या भागात होती. युरोपीय निष्कर्ष जसाच्या तसा कंपालात लावला असता, तर कोणत्या स्त्रीला धोका कमी आहे याचा अंदाजच चुकला असता.

कधी कधी चूक शोधात नसते, मोजपट्टीत असते. ‘डफी’ नावाचे रक्तपेशींवरील प्रथिन प्रतिकारयंत्रणेचे संकेतरेणू पकडून ठेवते. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप परजीवी याच प्रथिनाच्या दारातून पेशीत शिरतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बहुतेक सर्वांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसते, त्यामुळे त्यांना व्हायव्हॅक्सपासून मोठे संरक्षण मिळते, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. अलीकडे मादागास्कर आणि इथिओपियात डफी नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्सची बाधा झाल्याचे आढळले आहे. परजीवी दुसरे दार शोधत असल्याची ही खूण. याच जनुकरूपाचा आणखी एक परिणाम असा, की निरोगी माणसाच्या रक्तातही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची मोजणी कमी येते. प्रयोगशाळांनी ठरवलेली ‘सामान्य’ मर्यादा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरली होती. परिणामी धडधाकट माणसांच्या अहवालावर पेशी कमी असल्याचा शेरा पडत राहिला. काहींच्या कर्करोगावरील औषधाची मात्रा घटवली गेली, काहींना औषधचाचण्यांतून वगळले गेले, काहींना तीव्र मानसिक आजारावरील क्लोझापाइन नाकारले गेले. हा आजार नाही, ही केवळ वेगळी सामान्य पातळी आहे, हे मान्य व्हायला कित्येक वर्षे गेली.

‘एपीओएल १’ या जनुकाची कथा दुधारी आहे. या जनुकाचे प्रथिन रक्तातील निद्रारोगाच्या परजीवींना मारते. त्याची दोन रूपे पूर्व आफ्रिकेतील घातक परजीवीवरही मात करतात; पण आई आणि वडील दोघांकडून ती मिळाली, तर मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढतो, असे २०१० मध्ये उघड झाले. घाना आणि नायजेरियातील अलीकडच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ३० टक्के लोकांकडे ही धोक्याची जोडी आढळली. इथिओपियात मात्र ही रूपे जवळपास नाहीतच. म्हणजे कातडीचा रंग पाहून मूत्रपिंडाच्या धोक्याचा अंदाज बांधणे नायजेरियात कदाचित उपयोगी पडेल, इथिओपियात दिशाभूल करील. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक अनेक वर्षे वापरला गेला आणि २०२१ मध्ये तो काढून टाकण्याची शिफारस झाली. जनुक थेट वाचण्याची सोय असताना वर्णाचा आडाडा वापरत राहणे किती काळ योग्य, हा प्रश्न उरतो.

नोंदवह्यांतील पोकळी

हे सारे प्रसंग एकत्र ठेवले की एक विसंगती दिसते. जिथे विविधता सर्वाधिक, तिथली नोंद सर्वांत कमी. २०१८ पर्यंतच्या जनुकसंच-व्यापी अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे होते. आफ्रिकी वंशाचे २ टक्के. त्या दोन टक्क्यांतही मोठा वाटा अमेरिकेत राहणाऱ्यांचा.

या पोकळीची किंमत रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला थेट मोजावी लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दात्याची आणि रुग्णाची एचएलए रूपे जुळावी लागतात. अमेरिकेतील दातानोंदणीचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो, की पूर्ण जुळणारा, उपलब्ध असलेला दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णासाठी ७५ टक्के, तर आफ्रिकी-अमेरिकी रुग्णासाठी १९ टक्के होती. दक्षिण आशियाई रुग्णांसाठी ती ३३ टक्के होती. दाते कमी असणे हे याचे एक कारण. दुसरे कारण विविधता: ज्या समाजात तबकांचे प्रकार अधिक, तिथे दोन अनोळखी माणसे जुळण्याचा योग कमी. त्यामुळे आफ्रिकी रुग्णांसाठी दात्यांची यादी इतरांइतकी वाढवून भागणार नाही; ती कितीतरी अधिक वाढवावी लागेल. अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकाकडून प्रत्यारोपण करण्याच्या नव्या पद्धतींनी हा प्रश्न काहीसा सौम्य केला आहे, परंतु त्या पद्धती सर्वत्र पोहोचलेल्या नाहीत.

पोकळी भरण्याचा गंभीर प्रयत्न ‘एच३ आफ्रिका’ या उपक्रमाने केला. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या निधीवर २०१२ पासून दहा वर्षे तो चालला. आफ्रिकी शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत राहून, आफ्रिकी प्रयोगशाळांत काम करावे, ही त्यामागची भूमिका. २०२० मध्ये या जाळ्याने ५० वांशिक-भाषिक गटांतील ४२६ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवघ्या ४२६ जणांत ३० लाखांहून अधिक अशी जनुकीय रूपे सापडली, की जी पूर्वी कुठेच नोंदलेली नव्हती. निसर्गनिवडीचा ठसा असलेल्या जागांत विषाणूंशी लढणारी जनुके ठळकपणे दिसली. एवढ्याशा नमुन्यात इतके नवे हाती लागले, यावरून न वाचलेला भाग किती मोठा असेल याची कल्पना येते. केप टाऊन विद्यापीठाचे अँब्रॉइझ वोनकाम यांनी २०२१ मध्ये तीस लाख आफ्रिकी जनुकसंच वाचण्याची कल्पना मांडली, ती याच हिशेबाने.

मालकी कोणाची, पैसा कोणाचा

मात्र नमुने गोळा करणे म्हणजे केवळ रक्त काढणे नव्हे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सान समाजाच्या जनुकसंचांवर २०१० मध्ये गाजावाजाने संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा समाजाच्या प्रतिनिधींनी नाराजी व्यक्त केली. समाजाला विश्वासात घेतले नाही, त्याच्याविषयी वापरलेली भाषा अवमानकारक होती, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून २०१७ मध्ये सान समाजाने स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची सूत्रे. संशोधकांनी आधी समाजाकडे यावे, वचने पाळावीत, निष्कर्ष परत आणून सांगावेत, लाभात वाटा द्यावा, अशा तिच्यातील अपेक्षा कोणत्याही गावसभेत पटाव्यात इतक्या साध्या आहेत.

दुसरा प्रश्न पैशाचा. या क्षेत्रातील कामाचा कणा परदेशी निधीचा राहिला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीची यंत्रणा मोडीत काढली. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, अमेरिकी संस्थांमार्फत परदेशी भागीदारांना जाणारे उपअनुदान नवी पद्धत ठरेपर्यंत थांबवत असल्याचे जाहीर केले. नमुन्यांचे शीतगृह, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वर्षानुवर्षे एकाच गावातील मुलांचा माग ठेवणारे अभ्यास एकदा तुटले की पुन्हा जोडणे कठीण असते. खासगी भांडवलाचा आधारही भक्कम नाही. आफ्रिकी जनुकमाहितीवर औषधे शोधण्याच्या उद्देशाने २०१९ मध्ये उभी राहिलेली ‘५४ जीन’ ही नायजेरियाशी जोडलेली कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. आफ्रिकी सरकारांनी आपल्या अर्थसंकल्पांत या कामासाठी जागा केली नाही, तर वाचनाचा वेग दुसऱ्यांच्या राजकारणावर अवलंबून राहणार.

‘आशियाई’ हाही तसाच शब्द

हा विषय दूरच्या खंडाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. अपस्मारावरील ‘कार्बामाझेपिन’ या औषधाने काही रुग्णांची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते. ‘एचएलए-बी १५:०२’ या रूपाशी त्याचा संबंध तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी चाचणी करण्याची सूचना केली. येथेही ‘आशियाई’ हा शब्द फसवा निघाला. हे रूप हान चिनी आणि थाई लोकांत बरेच आढळते, जपान्यांत अगदी विरळ. भारतातील २००९च्या एका लहान अभ्यासात अशी प्रतिक्रिया आलेल्या आठपैकी सहा रुग्णांत ते सापडले. पण देशातील विविध समाजांत त्याचे प्रमाण सारखे नाही. हजारो वर्षे जातीअंतर्गत विवाह चालत आलेल्या देशात ‘भारतीय सरासरी’ कितपत विश्वासार्ह, हा प्रश्न आफ्रिकेइतकाच गंभीर आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची ‘जीनोम इंडिया’ माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ही सुरुवात चांगली आहे.

गोवा आणि बेळगावच्या वाचकांना याहून जवळचा दुवाही आहे. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, खानापूर या भागांत राहणारा सिद्दी समाज आफ्रिकेतून आला. हैदराबादच्या पेशी आणि रेणुजीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिद्दींच्या पूर्वजांचा मोठा भाग आफ्रिकी, त्यात भारतीय आणि बहुधा पोर्तुगीज मिश्रण, असे चित्र दिसले. पोर्तुगीज जहाजांनी काही शतकांपूर्वी ज्यांना गुलाम म्हणून आणले, त्यांच्या वंशजांच्या रक्तात पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचे दोन जनुकीय इतिहास एकत्र नांदत आहेत. पश्चिम घाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रात सिद्दी रुग्ण आला, तर डॉक्टरांकडची ‘सामान्य’ मोजपट्टी ना पूर्णपणे त्याच्या आफ्रिकी वारशाची असेल, ना त्याच्या भारतीय वारशाची.

म्हणूनच या संशोधनाचे मोल ‘आफ्रिकी लोक वेगळे आहेत’ असे सांगण्यात नाही. एका खंडाला किंवा एका वर्णाला एकच शरीर मानून उपचार ठरवता येत नाहीत, हे ते सांगते. औषधाची जनुकचाचणी आता पूर्वीइतकी महागडी राहिलेली नाही. ती कुठे करावी, हे ठरवायला लागणारी माहिती मात्र गावोगावच्या नमुन्यांतूनच मिळू शकते. ती गोळा होईपर्यंत केनियातील एखाद्या मसाई मुलाला अबाकाविरची पहिली गोळी मिळेल ती, लुह्या आणि योरुबा मुलांकडे पाहून ठरवलेल्या नियमानुसार.